वानराचा मुलगा

सून नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंनी शेजारणींना कधी धड सांगितलं नाही. "कॉलेजात हाय," एवढ्यावर त्या भागवायच्या. कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते, ते खरंच. पण सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडता मी पडेगावहून निघायचे, दौलताबादच्या पलीकडे डोंगराला टेकलेल्या एका गावात जायचे आणि चिंचेच्या झाडांखाली वानरांच्या ताज्या लेंड्या वेचायचे. त्या गावात मला सगळे 'लेंडीवाल्या बाई' म्हणत. म्हणताना कुणी हसत नसे. उलट एखादी म्हातारी हाक मारून सांगायची, "बाई, आमच्या पत्र्यावर बी पडल्यात, त्या न्या." सासूबाईंना हे तेव्हा कळलं असतं, तर त्यांनी तडक लासूर स्टेशनला भावाकडे जाऊन तोंड लपवलं असतं.

लेंडीला वरून आतड्याच्या पेशींचा पातळ लेप असतो. तो ताजा असताना उतरवून स्पिरिटच्या बाटलीत ठेवला की त्यातून त्या जनावराची आई कोण, बाप कोण, हे काढता येतं. आमच्या कॉलेजात ती सोय नव्हती. बाटल्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत जायच्या. सासरे तेव्हा हयात होते. त्यांना त्याची मोठी गंमत वाटायची. "पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, तरी आपली अवघड कामं हैदराबादलाच जात्यात," असं ते म्हणायचे, आणि बाटल्यांत काय आहे हे बायकोला सांगायचे नाहीत. एवढं एक गुपित त्यांनी माझ्यासाठी शेवटपर्यंत सांभाळलं.

माझा शोध नरांबद्दल होता. पिल्लं झाली नाहीत की सगळे मादीकडे बघतात, पुस्तकातही आणि घरातही. नराच्या बीजाची चौकशी फारसं कुणी करत नाही. तो दिसायला नर आहे ना, मग झालं. मला तेच खटकायचं. लालतोंडी माकडं आणि काळतोंडी वानरं शेजारी राहतात, पण दोघांच्या चालीरीती वेगळ्या. माकडांच्या टोळीत नर पुष्कळ असतात आणि एकेक मादी अनेकांशी संग करते. तिथे नरांची खरी झुंज मादीच्या पोटात चालते. ज्याचं बीज जास्त आणि चपळ, त्याचं पिल्लू. म्हणून पिढ्यानपिढ्या माकडांची वृषणं मोठी होत गेली. वानरांच्या कळपात बहुधा एकच थोराड नर असतो. त्याची झुंज बाहेर, दातांनी. आत स्पर्धा कमी, त्यामुळे वृषणंही शरीराच्या मानाने लहान. पण त्या एका नराचाच वंश कळपात चालतो का, की आडून आणखी कुणी येऊन जातं, हे मला पाहायचं होतं.

हे सगळं मी पहिल्यांदा नवऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा तो जळलेल्या मोटारीतून तांब्याची तार उपसत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे माकडांचा मोंढ्यातला लिलाव आन वानरांचं रेशनचं दुकान." मी त्यानंतर वर्गात कितीतरी वर्षं हेच सांगत आले, आणि मुलांना ते माझंच वाटत आलं.

नवऱ्याचं पडेगावला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की आसपासच्या गावांतले लोक त्या त्याच्याकडे घेऊन यायचे. तो जुनी तार काढायचा, नवी गुंडाळायचा, वार्निश द्यायचा आणि मोटार परत गरगरायला लागली की असा खूश व्हायचा की गिऱ्हाईकही हसायचं. माझ्या त्या गावातही त्याला सगळे ओळखत. खरं तर मला तिथे फिरू दिलं ते 'मोटरवाल्या भाऊंची बायको' म्हणून. माझ्या पदव्यांचा तिथे काडीचा उपयोग नव्हता.

त्या कळपाच्या नराला गाव 'पाटील' म्हणायचं. देवळाच्या कट्ट्यावर तो असा बसायचा की समोरून जाणारा माणूस आपोआप चपला काढायचा. शनिवारी मारुतीपुढे फुटाणे ठेवले की आधी पाटील यायचा, मग माद्या, मग पिल्लं. देवळाचं सगळं बघणारे एक आबा होते. ते प्रत्येक पिल्लाकडे बोट करून अभिमानाने सांगायचे, "ही बी पाटलाचीच." मी मान डोलवायचे आणि बाटलीवर खूण करायचे.

आमच्या घरी मात्र पिल्लू नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सासूबाई वाईट बाई नव्हत्या, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल वाचून कुणाचंही मत वाईट होईल. त्यांनी मला ताईत बांधले, गंडे बांधले, सोमवार करायला लावले. त्यांच्या माहेरच्या ओळखीची एक बाई कसल्यातरी मुळ्या द्यायची, त्यांचा काढा रोज सकाळी माझ्यापुढे यायचा. शेणात गंजलेले खिळे उकळले तर तशी चव येईल. मी तो नाक दाबून प्यायचे, कारण सासरे गेल्यापासून त्या एकट्या पडल्या होत्या आणि काढा उकळताना त्यांना आशा वाटायची. ती मोडायचं माझ्या जिवावर यायचं.

जुन्या शहरातल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी माझ्या सगळ्या तपासण्या केल्या. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "बेटा, तेरे में कुच बी खराबी नईं. अब मियाँ कू लेके आओ."

मियाँ आले. तक्रार न करता आले, तेही सांगायला हवं. पुन्हापुन्हा तपासलं. त्याच्या बीजात शुक्रजंतू नव्हते, एकही नव्हता. मग डॉक्टरीणबाईंनी रक्त पाठवलं आणि उत्तर आलं तेव्हा मला खुर्चीत बसवेना. वाय गुणसूत्राचा एक तुकडा त्याच्यात नव्हताच. त्या तुकड्यावर शुक्रजंतू तयार करणारे जनुक असतात. माणूस आणि वानर वेगळे होण्याच्या कितीतरी आधी ते तिथे येऊन बसले. म्हणून ते पाटलात होते, लालतोंड्या माकडांत होते. मी वर्षानुवर्षं ज्या तुकड्याबद्दल शिकवत होते, तो माझ्याच घरात गळालेला निघाला.

 येताना त्याने स्कूटर घरी न नेता थेट दुकानात नेली आणि मीही मागोमाग आत गेले. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मला नीट सांग. माझ्या बापाला मी झालो, मग माझ्यातच कसं?"

मी सांगितलं. तो तुकडा म्हणजे सारख्याच ओळी पुन्हापुन्हा लिहिलेलं पान आहे. बापाकडून मुलाकडे येताना ते उतरवून घेतलं जातं. ओळी सारख्या असल्या की उतरवणाऱ्याची नजर वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर राहून जातो. बाकी पान शाबूत असतं. माणूस धडधाकट असतो, मिशा येतात, सगळं येतं. यात कुणाची चूक नाही, कुणाचं पाप नाही.

"म्हणजे वाइंडिंग करतानाच तारेचा एक गट सुटला," तो म्हणाला.

"हो."

"आन ते उघडून परत भरता येत नाय."

"नाही."

त्याने समोरच्या मोटारीवर हात ठेवला. मग म्हणाला, "आईला तू सांगू नको. मी सांगतो."

मी थांबले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. तो काही सांगेना. दुसऱ्याचं बीज घ्यायची सोय डॉक्टरीणबाईंनी सांगितली होती, ती आम्हा दोघांनाही नको होती. मला मूल दत्तक घ्यायचं होतं. तो म्हणायचा, "घेऊ की." पण घ्यायचं तर आईला कारण सांगावं लागणार आणि तिथे त्याची गाडी अडायची. रोज सकाळी काढा माझ्यापुढे यायचा आणि तो शेजारी बसून पेपर वाचायचा. मला त्याचा राग आला. खूप आला. त्याला मूल होणार नाही याचा राग मला एक दिवसही आला नाही. राग आला तो त्या पेपराचा.

आणि मग सासूबाई लासूरला भावाकडे जाऊन आल्या त्या वेगळ्याच बोलायला लागल्या. "माझ्या भावाच्या वळखीत एक पोरगी हाय," असं त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "गरिबाची हाय. हिला बी काय टाकायचं नाय. दोघी बहिणीवानी ऱ्हातील." नवरा ताटावरून उठून गेला, पण बोलला काहीच नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. माणूस खरं बोलला नाही तर आपलं घर जाईल, एवढी साधी भीती.

त्याच सुमारास डोंगरावर पाटलाची झुंज झाली. उनाड नरांची एक टोळी कळपावर चालून आली. अशी टोळी जिंकली की नवा नर आधीची तान्ही पिल्लं मारून टाकतो, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण वानरांच्या जगात ते घडतं. पाटील एकटा त्यांच्यावर गेला. त्याने टोळी पार घळीपर्यंत हाकलली. परत आला तेव्हा मांडी फाटलेली होती. एकदोन दिवस कट्ट्यावर बसून राहिला आणि एका सकाळी चिंचेखाली मेलेला सापडला. आबांचा निरोप दुकानावर आला, "पाटील गेला. बाईंना घेऊन या."

आमच्याकडे गावातलं वानर गेलं की गाव त्याची माणसासारखी माती करतं, हे मला माहीत होतं. पण त्या गावची एक वेगळी रीत होती, ती मला ठाऊक नव्हती. ती सासूबाईंना दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सांगितली. मेलेल्या वानराचा मुलगा कुणीतरी व्हायचं. ज्या जोडप्याला मूल नाही त्याने व्हायचं, म्हणजे मारुती त्यांची ओटी भरतो. दोघांपैकी उणं बाईत असेल तर तिने खड्ड्याभोवती फेऱ्या घालायच्या, आणि बाप्यात असेल तर त्याने बसून डोकं भादरून घ्यायचं. आता सांगा, चारचौघांत कोण बाप्या बसेल? कुणी बसल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. दरवेळी बायाच फिरायच्या, आणि मुलाचे केस तर वानराला द्यावेच लागतात म्हणून भादरून घ्यायला चार नातवंडांचे आबा बसायचे.

सासूबाई नारळ आणि खणाचं कापड घेऊन तयारच बसल्या. दुकानाच्या लोडिंग रिक्षात त्या पुढे, नवऱ्याशेजारी, आणि मी मागे, जळलेल्या दोन मोटारींच्या मध्ये. दौलताबादच्या चढावर प्रत्येक खड्ड्याला मोटारी माझ्या गुडघ्यावर यायच्या. मी मनात म्हणत होते, घालते फेऱ्या. काढा प्यायले, तिथे फेऱ्यांचं काय.

गावात वनरक्षक पंचनामा करून गेला होता. पाटलाला ट्रॉलीत खुर्चीवर बसवलं होतं, अंगावर शाल, कपाळाला गुलाल. खुलताबादचा बँड आला होता. बँडवाले चाचा लग्नात वाजवायची चालच इतकी संथ करून वाजवत होते की ऐकणाऱ्याला रडू यावं. माझी नजर मात्र भलतीकडेच. ज्या वृषणांबद्दल इतकी वर्षं वाचलं आणि शिकवलं, ती माझ्यासमोर मातीआड जाणार होती. नवऱ्याने ते ओळखलं आणि कानाशी येऊन पुटपुटला, "तसलं काय मागू नको हां. पाटलाशेजारीच पुरतील आपल्याला." त्या दिवसांत मी त्याच्याशी हसून बोलत नव्हते, तरी हसू आलं. शेवटी मी आबांकडे थोडे केस मागितले. त्यांनी खांद्यावरचे चिमूटभर मुळासकट उपटून माझ्या हातावर ठेवले. "केस घ्या की. केस तर माणूस बी देतो," म्हणाले.

देवळामागे खड्डा तयार होता. न्हावी दगडावर वस्तरा परजत बसला होता. आबांनी आवाज दिला, "मुलगा कोण व्हतंय?"

बायांनी माझ्याकडे पाहिलं. "लेंडीवाल्या बाईंना घालू द्या फेऱ्या," एकजण म्हणाली. 'लेंडीवाल्या' का, असा प्रश्न सासूबाईंच्या तोंडावर उमटला, पण तेव्हा वेळ नव्हता. त्यांनी माझ्या हातात नारळ दिला आणि पाठीला हलका धक्का दिला. मी पदर खोचला. पहिलं पाऊल टाकलं असेल नसेल, मागून नवरा म्हणाला, "थांब."

तो न्हाव्यासमोर जाऊन मांडी घालून बसला.

"आरं, तू कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "तिला फिरू दे की."

"ती नाय फिरायची, आई. तिच्यात काय उणं नाय." त्याने शर्टाची वरची गुंडी काढली. "माझ्यात हाय. डॉक्टरनं तपासलंय. मला पोर व्हणार नाय, दुसरी केली तरी नाय. तू हिला काढे पाजत व्हतीस आन मी बघत बसलो."

बँड कधीच थांबला होता. एवढी माणसं, पण फक्त वर फांदीवर एक पिल्लू कुरकुरत होतं. नवऱ्याचे कान लाल झाले होते. त्या गावातल्या निम्म्या विहिरींवर त्याच्या हातच्या मोटारी चालत होत्या, उद्या त्याच लोकांसमोर त्याला दुकानात बसायचं होतं.  आबा न्हाव्याला म्हणाले, "बघत काय बसला? पाणी लाव."

मी रडायला लागले. बायांना वाटलं पाटलासाठी रडते, त्यांनीही सूर धरला. चाचांनी बँड सुरू केला. नवऱ्याचे केस चिंचेच्या पाल्यावर पडत होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की अशा जागी तसं वाटावं याचीच लाज वाटली. लग्नाच्या दिवशीही तो मला इतका आवडला नव्हता.

त्याने मडकं धरलं, पाटलाला पाणी पाजलं, पहिली माती टाकली. सासूबाई एका दगडावर बसून होत्या. परतताना रिक्षात बसल्यावर त्यांनी पदराचं टोक त्याच्या तुळतुळीत डोक्यावर धरलं. "ऊन लागंल," म्हणाल्या. पडेगाव येईपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.

घरी आल्यावर त्यांनी काढ्याचं पातेलं मोरीत पालथं केलं. मी घासायला घेऊ लागले तर हातातून काढून घेतलं आणि स्वतः घासलं. रात्री जेवताना मात्र त्या मुलावर फार चिडल्या. आधी सांगितलं नाही म्हणून चिडल्या, मला आजवर पाजलं म्हणून स्वतःवर चिडल्या, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन तू? लेंड्या गोळा करती म्हणं?" मला वाटतं, त्या दिवशी त्यांना दोन्हींपैकी कोणता धक्का मोठा बसला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

टोळी लगेच फिरकली नाही. नवा नर कळपात आला तोवर पिल्लांचं दूध सुटलं होतं, आणि ती वाचली. पुढे हैदराबादहून उत्तर आलं. पाटलाच्या केसांशी पिल्लं ताडून पाहिली होती. बरीचशी त्याची होती, पण काही नव्हतीच. आडून कुणीतरी येऊन गेलं होतं. माझ्या कामाच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती आणि मी ती जेवताना सांगितली.

नवऱ्याने डोक्यावर नव्याने वाढलेल्या केसांवरून हात फिरवला. "म्हणजे मी ज्याचा मुलगा झालो, तोच सगळ्यांचा बाप नव्हता?"

"मग मेला त्या टोळीच्या अंगावर का गेला?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणतं आपलं, कोणतं नाही, हे त्याला कळत नसणार," मी म्हणाले.

"आन कळलं असतं तर गेला नसता?"

"ते सांगता येत नाही, आई." शास्त्राने जेवढं सांगितलं तेवढंच मी सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना सासूबाई म्हणाल्या, "शहरात मुलं देत्यात अशी एक जागा हाय म्हणं. मी बी येणार. तुम्हा दोघांना काय कळत नाय त्यातलं."

आम्ही तिघं गेलो. बराच काळ चौकशा, फेऱ्या, वाट बघणं चाललं. आणि एका दुपारी सासूबाईंच्याच मांडीवर एक काळीसावळी, भरपूर जावळाची मुलगी देण्यात आली. तिने पहिलं काय केलं, तर त्यांच्या गळ्यातली पोत तोंडात घातली.

गावाने साहजिकच सगळं श्रेय मारुतीला दिलं. मी वाद घातला नाही. जावळ त्याच चिंचेखाली काढायचं असा आबांचा हट्ट होता. न्हावीही तोच. मांडीवर घ्यायला माझा भाऊ आला होता. पण वस्तरा दिसताच पोरीने असा टाहो फोडला की झाडावरची वानरं वरच्या फांद्यांवर पळाली. काही केल्या गप्प होईना. तेव्हा नवरा पुन्हा तिथेच मांडी घालून बसला आणि न्हाव्याला म्हणाला, "आधी माझी कर. तिला बघू दे."

तिने बघितलं. तोंड उघडं टाकून शेवटपर्यंत बघितलं. मग हुंदके देत, पण बसली.

थोड्या वेळाने दोघंही देवळाच्या कट्ट्यावर फुटाणे घेऊन बसले होते. एक मोठं तुळतुळीत डोकं, एक लहान. खालून जाणाऱ्या एका पाहुण्या बाईने थांबून सासूबाईंना विचारलं, "नात व्हय? गोड हाय. कुणावर गेली?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खणाची घडी घालत होत्या, मानही वर केली नाही.

"बापावर," त्या म्हणाल्या. "दिसत नाय व्हय?"